शाळेत स्पर्धेचा रोबो: मोटर फिरवण्यापासून रिंगणात उतरेपर्यंत

तालुक्याच्या गावातल्या शाळेत सातवी ते दहावीच्या मुलांकडून स्पर्धेत उतरेल असा छोटा रोबो करून घ्यायला महागडं किट लागत नाही आणि शिक्षक इंजिनिअर असावा लागत नाही. आठवड्यातले ठरलेले दोन-तीन तास लागतात आणि एक नियम कसोशीनं पाळावा लागतो: रोबोला हात मुलांनीच लावायचा. शिक्षकानं किंवा कुणाच्या मोठ्या भावानं रात्रीतून नीट करून दिलेला रोबो स्पर्धेत लगेच उघडा पडतो. तिथं वायर सुटली की दुरुस्तीला मोजकी मिनिटं मिळतात आणि बहुतेक ठिकाणी आत फक्त मुलांनाच सोडतात. त्यामुळे रोबो बनवायला शिकवणं म्हणजे मुख्यतः बिघाड शोधायला शिकवणं, असं मी मानतो. पुढचा सगळा क्रम त्याच हिशोबानं लावला आहे.

स्पर्धा आणि वेळापत्रक

पहिल्या वर्षी लाइन फॉलोअरच घ्या, म्हणजे पांढऱ्या जागेवरच्या काळ्या रेषेवरून धावणारा रोबो. तो जमला की त्याच सामानातून मिनी सुमो. सुमोत दोन रोबो गोल रिंगणात समोरासमोर येऊन एकमेकांना बाहेर ढकलतात. रोबोकॉनचं नाव मुलांच्या कानावर असतं, पण २००२ पासून चालणारी ती स्पर्धा कॉलेजच्या मुलांसाठी आहे. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड २००४ पासून होते आणि तिच्यात शाळकरी मुलांचे वयोगट आहेत. तिचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा. सुरुवातीला छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत चौकशी करा. तिथल्या टेक्निकल फेस्टमध्ये शाळेच्या मुलांना प्रवेश आहे का, हे फोन करून विचारलेलं बरं, आणि नियमांचा कागद हातात आल्याशिवाय रोबोचं माप ठरवू नका.

आपल्याकडे वेळापत्रकात आणखी एक गोष्ट धरावी लागते. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तेव्हा गटातलं एखादं लेकरू त्यांच्याबरोबर जातं किंवा हंगामी वसतिगृहात राहायला येतं. म्हणून जुलै ते सप्टेंबरमध्ये रोबो चालता करा आणि दिवाळीनंतरचे दिवस सराव आणि सुधारणेला ठेवा. जाणाऱ्या मुलाचं काम दुसऱ्याला येत नसेल तर गट अडकतो. त्यावर उपाय म्हणून कामं दर दोन आठवड्यांनी बदला: आज वायरिंग करणारी पुढच्या वेळी प्रोग्राम लिहील, प्रोग्रामवाला मोजमाप घेईल. एका रोबोमागं तीन, फार तर चार मुलं. पाचवा आला की तो नुसता बघत बसतो.

मुलींच्या बाबतीत लक्ष ठेवावं लागतं. वही लिहिणं आणि सजावट त्यांच्याकडं, सोल्डरिंग आणि लॅपटॉप मुलांकडं, अशी वाटणी कुणी न सांगता होऊन बसते. ती पहिल्याच आठवड्यात मोडा, नंतर मोडणं अवघड जातं.

सामान

एका रोबोला लागतं ते असं: अर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा संगणकी बोर्ड), दोन पिवळ्या गिअर मोटर (दुकानात बीओ मोटर म्हणून मागायच्या), दोन चाकं, पुढं एक कॅस्टर (कुठल्याही दिशेला वळणारं टेकूचं छोटं चाक), मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला बॅटरीचा करंट देणारा भाग), पाच आयआर (इन्फ्रारेड) सेन्सरची पट्टी, दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) आणि त्यांचा होल्डर, एक स्विच, जंपर वायरी. साधारण दोन-अडीच हजारांत हे बसतं. सगळ्या गटांत मिळून एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग गन, कथील, ग्लू गन आणि केबल टाय पुरतात. मल्टीमीटर नसेल तर बाकीची खरेदी थांबवा आणि आधी तो घ्या.

तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर यातलं बरंचसं कपाटात आधीच पडलेलं असतं. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीसाठी या लॅब दिल्या जातात. किल्ली कुणाकडं आहे ते शोधा, स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करा आणि सामान वापरात काढा. सामान खराब होईल या भीतीनं ते बंद ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. लॅब नसेल तर गावातल्या मोबाइल रिपेअरिंगवाल्याशी ओळख वाढवा. बारीक सोल्डरिंग त्याच्याइतकं चांगलं तालुक्यात दुसरं कुणी शिकवणार नाही.

दोन गोष्टी घेऊ नका. एक, ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. किटबरोबर ती हमखास येते, पण रिमोट किंवा मल्टीमीटरसारख्या कमी करंटच्या कामासाठी ती असते. दोन मोटरी चालू झाल्या की तिचं व्होल्टेज कोसळतं, आणि मुलं तासन्‌तास प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. दुसरी, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल. लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो आणि जुन्या सेलची आतली अवस्था बाहेरून कळत नाही. सेल नवे, चांगल्या कंपनीचे घ्या. चार्जिंग तयार चार्जरवर आणि शिक्षकाच्या नजरेसमोरच करायचं. एका सेलचं व्होल्टेज ३.७ धरतात, पूर्ण भरल्यावर ते ४.२ होतं, आणि ३ च्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही. हे तीन आकडे लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

लॅपटॉप जुना असेल तरी चालतो. अर्डुइनोचं १.८ मालिकेतलं सॉफ्टवेअर ३२ बिटच्या जुन्या मशीनवरही चालतं. स्वस्तातल्या बहुतेक उनो बोर्डांना सीएच३४० नावाचा ड्रायव्हर (मोटरचा नव्हे, लॅपटॉपला बोर्ड ओळखू यावा म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. तो नसला की बोर्ड जोडूनही पोर्ट दिसत नाही आणि पहिला तास तिथंच संपतो. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही एका पेन ड्राइव्हवर आणून ठेवा, कारण नेट आणि लाइट दोन्ही एकाच वेळी असतील याचा भरवसा नाही. लॅपटॉप आदल्या रात्रीच चार्ज करा.

पहिला आठवडा: बोर्ड पिशवीतच राहू द्या

मुलांना बोर्ड दिसला की ती त्यालाच चिकटतात. म्हणून पहिल्या तासाला नुसती मोटर, सेल आणि दोन वायरी द्या. मोटर फिरते. वायरी उलट्या केल्या की उलटी फिरते. बोटानं चाक धरलं की आवाज बदलतो. मल्टीमीटर लावून मोकळ्या मोटरचा आणि अडवलेल्या मोटरचा करंट मोजायला लावा, अडवायचं ते क्षणभरच. मोटर अडली की करंट कितीतरी पटींनी वाढतो, हा आकडा मुलांनी स्वतः वाचलेला असला की ड्रायव्हर कशाला लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही. बोर्डाची एक पिन (वायर जोडायचं टोक) फार तर ४० मिलिअँपिअर सोसते आणि मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो, एवढं फळ्यावर लिहिलं की झालं.

पिवळ्या मोटरच्या मागं तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्यांना वायर सोल्डर करून मोटर इकडं-तिकडं हलवली की दोन-चार वाकण्यांत पट्टी मुळातून तुटते आणि मग ती मोटर कामातून जाते. सोल्डर झाल्या झाल्या वायर मोटरच्या अंगाला केबल टायनं आवळून बांधा, म्हणजे ओढ बसली तरी ती टायवर बसेल, पट्टीवर येणार नाही. हे काम प्रत्येक मुलाकडून एकदा करून घ्या. सोल्डरिंग करताना चष्मा हवा, खिडकी उघडी हवी, आणि गन ठेवायला स्टँड नसेल तर काम सुरूच करू नका.

सांगाडा

यावर फार वेळ घालवू नका. ३ मिलिमीटरची अॅक्रिलिक शीट, एमडीएफ किंवा जाड सनबोर्ड, काहीही चालतं. दोन गोष्टी मात्र बघा. बॅटरी चाकांच्या जवळ आणि शक्य तितकी खाली ठेवा. वजन चाकांवर आलं तरच पकड मिळते. सेन्सरची पट्टी चाकांच्या बरीच पुढं हवी, म्हणजे वळण आधी दिसतं आणि रोबोला सावरायला जागा मिळते.

वायरिंग

इथं घाई करणाऱ्या गटाचे पुढचे सगळे दिवस वायरी शोधण्यात जातात. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, हे दोन रंग दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत. बॅटरीची मायनस, ड्रायव्हरची ग्राउंड (मायनसचं टोक) आणि बोर्डाची ग्राउंड एकत्र जोडलेल्या असल्याच पाहिजेत. एखादी ग्राउंड सुटली की रोबो वेड्यासारखा वागतो: कधी चालतो, कधी नाही, हात लावला की चालतो. अशा वेळी मुलांनी प्रोग्राम उघडायचा नाही, मल्टीमीटर काढायचा.

बाजारात सहज मिळणारा ड्रायव्हर म्हणजे एल२९८एन, मोठ्या काळ्या हीटसिंकवाला. तो दणकट आहे पण जुन्या पद्धतीचा. त्याच्या आतच सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. दोन सेलचे ७.४ व्होल्ट दिले तर मोटरला साडेपाचच्या आसपास पोचतात. शिकायला तो चांगला. स्पर्धेसाठी टीबी६६१२ घ्या, आकारानं टपाल तिकिटाएवढा, आणि त्यात व्होल्टेजची गळती फारच कमी. फक्त तो नाजूक आहे, उलटी बॅटरी जोडली की गेलाच. म्हणून पहिला रोबो एल२९८एनवर करा आणि हात बसल्यावर बदला.

आता सगळ्यात जास्त भेटणारा बिघाड. रोबो जागेवर ठीक असतो, मोटरी सुरू झाल्या की थबकतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थबकतो. बोर्डावरच्या छोट्या दिव्याकडं बघायला सांगा. प्रत्येक थबकण्याला तो सुरुवातीसारखा लुकलुकत असेल तर बोर्ड रिसेट होतोय. मोटरींनी एकदम करंट ओढला, व्होल्टेज खाली बसलं आणि बोर्डाचा श्वास तुटला. उपाय क्रमानं करा: सेल चार्ज करा, होल्डरच्या स्प्रिंगा घासून साफ करा, बॅटरीच्या वायरी जाड घ्या, ड्रायव्हरच्या पॉवरच्या टोकांवर ४७० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर (थोडा चार्ज साठवून व्होल्टेजची अचानक घट भरून काढणारा भाग) लावा. लावताना त्याची प्लस-मायनस बाजू बघायला विसरू नका. एका वेळी एकच बदल करायचा, आणि कशानं फरक पडला ते वहीत लिहायचं.

वही

दर गटाची एक शंभर पानी वही. तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, काय बदललं, काय झालं, एवढे चार रकाने. मुलं कंटाळा करतात. तरी आग्रह सोडू नका, कारण "सर, कालपर्यंत तर नीट चालत होता!" हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येणार आहे आणि त्याला एकच उपयोगी उत्तर आहे: "काल आणि आजमध्ये काय बदललं? वही काढ." बऱ्याचदा उत्तर व्होल्टेजच्या रकान्यात सापडतं.

पहिला प्रोग्राम: सरळ चालणं

इंटरनेटवरून तयार लाइन फॉलोअरचा प्रोग्राम आणून टाकला तर रोबो अर्ध्या तासात रेषेवर चालेलही. पण तो बिघडला की मुलांच्या हातात काहीच राहत नाही. त्यापेक्षा पहिला प्रोग्राम अगदी बारका असू द्या: दोन सेकंद पुढं, थांब. मग मागं. मग जागेवर वळण. पुढं, मागं, डावं, उजवं, थांब अशी पाच फंक्शन (नाव दिलेले प्रोग्रामचे छोटे तुकडे) मुलांनी स्वतः लिहायची आणि पुढचे सगळे प्रोग्राम याच पाच फंक्शनवर उभे करायचे. सातवीच्या मुलांनी ब्लॉकचं प्रोग्रामिंग (स्क्रीनवरचे तयार ठोकळे जोडून) केलं तरी चालेल, नववीपासून मात्र टाइप करूनच.

वेग ठरतो ० ते २५५ या आकड्यानं, आणि तो फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर देता येतो. त्यांच्याशेजारी बोर्डावर नागमोडी खूण असते. पुढं कधी सर्व्हो मोटर (ठरावीक कोनात वळणारी) जोडाल तर एक लक्षात ठेवा: सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) वापरली की ९ आणि १० वरचं वेगनियंत्रण बंद पडतं. म्हणून मोटरी आधीपासून ५ आणि ६ वर घ्या.

मग वर्गातल्या शहाबादी फरशीवर खडूनं दोन मीटरची रेघ मारा आणि रोबोला तिच्यावरून सरळ सोडा. तो सरळ जाणार नाही. एकाच डब्यातल्या दोन मोटरीही सारख्या वेगानं फिरत नाहीत. किती सेंटिमीटर कुठल्या बाजूला गेला ते पट्टीनं मोजायला लावा, वेगवान मोटरचा आकडा थोडा कमी करा, पुन्हा सोडा. त्याचबरोबर कुठल्या आकड्याखाली मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, तोही शोधा. हा किमान आकडा प्रत्येक रोबोचा वेगळा असतो आणि पुढं तो लागणार आहे. या एका प्रयोगाला पूर्ण दोन तास गेले तरी जाऊ द्या.

सेन्सर: सगळ्यात जास्त वेळ इथं

आयआर सेन्सरमध्ये एक दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो आणि शेजारचा डोळा परत आलेला प्रकाश मोजतो. पांढऱ्यावरून भरपूर परत येतो, काळ्यावरून कमी. दिवा चालू आहे का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं, पुष्कळ मोबाइलवर तो फिकट जांभळा दिसतो. मुलांना हे दाखवाच.

सेन्सरची पट्टी जमिनीपासून ३ ते ५ मिलिमीटरवर बसवा. मग प्रोग्राम न लिहिता नुसते आकडे वाचायचे. अॅनालॉग पिनवर ० ते १०२३ मधला आकडा येतो. पाचही सेन्सरचे पांढऱ्यावरचे आणि काळ्यावरचे आकडे तक्त्यात लिहा. समजा एका सेन्सरला पांढऱ्यावर ८० आणि काळ्यावर ७२० आले, दुसऱ्याला १५० आणि ६४०. दोघांचा मधला आकडा वेगळा: पहिल्याचा ४००, दुसऱ्याचा ३९५. इथं फरक थोडा आहे, पण एखाद्या सेन्सरचा मधला आकडा ३०० च्या खालीही निघतो. त्यामुळे सगळ्यांना एकच सीमा लावायची नाही, प्रत्येकाची सीमा त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून. जमलं तर हे काम रोबोकडूनच करून घ्या: सुरुवातीचे पाच सेकंद रोबो रेषेवरून डावी-उजवीकडं हलवायचा आणि प्रोग्रामनं प्रत्येक सेन्सरचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवायचा. स्पर्धेच्या ठिकाणी ही सोय फार कामाला येते.

आता तीन अडचणी, ज्या पुस्तकात सापडत नाहीत.

पहिली, ऊन. सूर्यप्रकाशात हाच न दिसणारा प्रकाश भरपूर असतो. पत्र्याच्या वर्गात भोकातून आलेला एक कवडसा रेषेवर पडला की तिथं सेन्सरला पांढरं-काळं सगळं सारखंच दिसतं आणि रोबो नेमका त्याच जागी भरकटतो. ट्रॅक खिडकीपासून दूर मांडा आणि सेन्सरच्या पट्टीभोवती काळ्या जाड कागदाची झालर लावा, जमिनीला न टेकणारी.

दुसरी, काळा रंग. डोळ्यांना काळा दिसणारा प्रत्येक रंग सेन्सरला काळा दिसत नाही. कित्येक मार्करची शाई हा प्रकाश शोषतच नाही आणि मुलांनी मेहनतीनं काढलेली रेष रोबोला दिसतच नाही. वायरिंगची काळी चिकटपट्टी घ्या, आणि तिच्यावरचा आकडाही आधी वाचून बघा. लाइन सहसा दोन-तीन सेंटिमीटर रुंद असते, पण तुमच्या स्पर्धेच्या नियमात लिहिलेली रुंदी खरी.

तिसरी, जमीन. शहाबादी फरशी काळपट करड्या रंगाची, तिच्यावर थेट पट्टी चिकटवून भागत नाही. सांध्यांवरून जातानाही सेन्सर उडी मारतो. गावागावात फ्लेक्स छापतात, तिथं कोरा पांढरा फ्लेक्स मागा आणि तो जमिनीवर ताणून बसवा. चकचकीत बाजूवर वरच्या ट्यूबलाइटची चमक येते, म्हणून कमी चमकणारी बाजू वर ठेवा. फ्लेक्सवर सुरकुती राहिली तर कॅस्टर अडकतो.

रेषेवर धावणं

आधी दोनच सेन्सरवर चालवा. डावा काळ्यावर गेला तर डावीकडं वळ, उजवा गेला तर उजवीकडं, दोन्ही पांढऱ्यावर असतील तर सरळ. रोबो हिसके देत का होईना रेषेवर चालतो आणि मुलांचे चेहरे फुलतात. त्या दिवशी पुढचं काही शिकवू नका.

पुढच्या वेळी विचारा, हिसके का बसतात? कारण रोबोला फक्त "चुकलो" एवढंच कळतंय, "किती चुकलो" हे कळत नाही. इथून पाच सेन्सर. डावीकडून त्यांना −२, −१, ०, १, २ असे आकडे द्या. ज्या सेन्सरला रेष दिसते त्याचा आकडा म्हणजे एरर. दोघांना दिसली तर सरासरी. रेष उजवीकडं असेल तर एरर अधिक, म्हणजे डावं चाक वेगात आणि उजवं हळू हवं.

फळ्यावर उदाहरण मांडा. मूळ वेग १२०, केपी (एररला ज्यानं गुणायचं तो आकडा) २५. गुणून आलेलं उत्तर डाव्या चाकाच्या वेगात मिळवायचं, उजव्यातून वजा करायचं. एरर ० असेल तर दोन्ही चाकं १२०. एरर १ असेल तर डावं १४५, उजवं ९५. एरर २ असेल तर डावं १७०, उजवं ७०. आठवीच्या मुलाला येणारी बेरीज-वजाबाकी आहे ही. आलेला आकडा २५५ च्या वर किंवा ० च्या खाली गेला तर तिथं अडवायचा, आणि मघाशी शोधलेल्या किमान आकड्याखाली गेला तर ते चाक थांबलेलंच धरायचं.

केपी ठरवायचा तो ट्रॅकवरच. लहान आकड्यापासून सुरुवात करा. वळणावर रोबो बाहेर पडत असेल तर वाढवा. सरळ रेषेवर नागासारखा डोलायला लागला की जास्त झाला. त्या ठिकाणी केडी नावाचा दुसरा आकडा जोडा: आत्ताचा एरर वजा मागचा एरर, गुणिले केडी, आणि हे उत्तर केपीच्या उत्तरात मिळवायचं. चूक झपाट्यानं वाढत असेल तर जोर वाढतो, कमी होत असेल तर हात आवरता होतो. या पद्धतीला पीआयडी म्हणतात; तिच्यातला मधला भाग, म्हणजे मागच्या चुकांची बेरीज धरणारा आय, या कामासाठी शून्य ठेवला तरी काही बिघडत नाही. मूळ वेग सगळ्यात शेवटी वाढवा, तोही दहा-दहानं.

रोबो रेष पूर्ण सोडून गेला तर? पाचही सेन्सर पांढऱ्यावर. अशा वेळी शेवटचा एरर कुठल्या बाजूचा होता ते आठवून त्या बाजूला जागेवर वळायचं, रेष दिसेपर्यंत. काटकोनातली वळणंसुद्धा बहुतेक याच युक्तीनं निघतात.

वेग वाढवल्यावर एक छुपी अडचण येते. मुलं आकडे बघण्यासाठी प्रोग्राममध्ये सिरिअल प्रिंट (आकडे लॅपटॉपवर पाठवणारी आज्ञा) ठेवतात. ९६०० च्या वेगानं सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात, म्हणजे वीस अक्षरांच्या एका ओळीला जवळपास २० मिलिसेकंद. सेकंदाला ५० सेंटिमीटर धावणारा रोबो तेवढ्यात एक सेंटिमीटर आंधळा पुढं जातो. स्पर्धेच्या प्रोग्राममध्ये प्रिंट नको, डिलेही (थांबून राहायची आज्ञा) नको. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. वेग, वेळ आणि अंतर त्यांना पाठ असतं, ते कुठं लागतं हे इथं दिसतं.

आणि बॅटरी. भरलेल्या दोन सेलचे ८.४ व्होल्ट आणि दमलेल्या सेलचे ७, यात त्याच १२० च्या आकड्याला रोबोचा वेग वेगळा येतो आणि जमवलेला केपी चुकतो. ज्या व्होल्टेजवर शर्यत धावायची त्याच व्होल्टेजवर ट्यूनिंग करा. सरावाचे सेल आणि स्पर्धेचे सेल वेगळे ठेवता आले तर उत्तम.

सुमोकडं

मिनी सुमोचे सर्वसाधारण नियम असे: रोबो १० बाय १० सेंटिमीटरमध्ये बसला पाहिजे, उंचीला बंधन नाही, वजन ५०० ग्रॅमपर्यंत. रिंगण ७७ सेंटिमीटर व्यासाचं, काळं, कडेला २.५ सेंटिमीटरची पांढरी पट्टी. सुरू केल्यावर ५ सेकंद हलायचं नाही. गावातल्या सुताराकडून प्लायवूडची गोल फळी कापून घेतली आणि चमक नसलेला काळा रंग दिला की सरावाचं रिंगण तयार. वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघा. पिवळ्या मोटरी या मापात बसवणं जिकिरीचं आहे, म्हणून इथं एन२० नावाच्या बारक्या धातूच्या गिअरच्या मोटरी घ्या.

डाव मुलांना शिकवावे लागत नाहीत. जत्रेतली कुस्ती बघितलेल्या पोराला समोरच्याच्या खाली शिरावं लागतं हे माहीत असतं. रोबोतही तेच: पुढं पत्र्याचा उतार, त्याची कड जमिनीला जवळपास टेकलेली, म्हणजे समोरच्याची चाकं उचलली जातात आणि त्याची पकड जाते. पत्र्याची धार मात्र कानशीनं मोडा, हात कापतात आणि पंच नाकारतातही. उरलेलं वजन चाकांवर टाका, ५०० ग्रॅमच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. चाकांचं रबर प्रत्येक लढतीआधी ओल्या कापडानं पुसा. आपल्याकडच्या धुळीत हे एवढं केलं तरी निकाल बदलतो.

प्रोग्राममध्ये क्रम महत्त्वाचा: आधी कड, मग प्रतिस्पर्धी. कडेचे सेन्सर पांढरं दिसलं म्हणाले की बाकी सगळं सोडून मागं व्हायचं आणि वळायचं. लाइन फॉलोअरमध्ये काळं शोधत होतो, इथं पांढरं धोक्याचं, एवढा बदल मुलं गडबडीत विसरतात.

प्रतिस्पर्धी शोधायला अल्ट्रासॉनिक सेन्सर (ऐकू न येणारा आवाज सोडून अंतर मोजणारा) स्वस्त पडतो, पण त्यात एक फास आहे. समोर काहीच नसेल तर तो परत येणाऱ्या आवाजाची वाट बघत ३८ मिलिसेकंदांच्या आसपास अडकून राहतो. सेकंदाला ५० सेंटिमीटर जाणारा रोबो २.५ सेंटिमीटरची पांढरी पट्टी ५० मिलिसेकंदांत ओलांडतो. म्हणजे रोबो वाट बघत असतानाच रिंगणाबाहेर पडायच्या बेतात येतो. उपाय सोपा आहे. आपल्याला ४० सेंटिमीटरपलीकडचं बघायचंच नाही. जाऊन-येऊन ८० सेंटिमीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हा वेळ मोजणाऱ्या पल्सइन फंक्शनला ३००० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या, एवढ्यात नाही आलं तर समोर कुणी नाही असं धरा.

नववी-दहावीच्या मुलांना इथंच आणखी एक प्रयोग द्या. ३४३ मीटर हा वेग २० अंशांचा. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा ४० वर जातो तेव्हा आवाज सेकंदाला ३५५ मीटरच्या आसपास जातो आणि ४० सेंटिमीटरवरची वस्तू सेन्सरला साधारण १.४ सेंटिमीटरनं जवळ भासते. सुमोत त्यानं काही अडत नाही. पण सकाळच्या आणि भर दुपारच्या आकड्यांची तुलना करून हा फरक मुलांनी स्वतः पकडला, तर विज्ञानाच्या तासाला त्याहून चांगलं काही सापडायचं नाही.

स्पर्धेचा दिवस

एसटीच्या प्रवासात स्क्रू सैल होतात आणि जंपर वायरी निसटतात. ब्रेडबोर्डवरचा, म्हणजे सोल्डर न करता नुसत्या भोकांत वायरी खोचलेला, रोबो घेऊन जाऊच नका. महत्त्वाचे जोड सोल्डर करा, कनेक्टरवर ग्लू गनचा एक ठिपका द्या. रोबो कागदाच्या कपट्यांनी भरलेल्या खोक्यात, सेल काढून वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, टोकं टेपनं झाकलेली. सोबत एक जादा मोटर, जादा ड्रायव्हर, स्क्रूड्रायव्हर, मल्टीमीटर, टेप, आणि चालणारा शेवटचा प्रोग्राम लॅपटॉपबरोबर पेन ड्राइव्हवरही.

पोचल्यावर पहिलं काम ट्रॅक बघणं. रेषेची रुंदी, पृष्ठभागाची चमक, वरचे दिवे, खिडक्या. सरावाला मिळालेल्या वेळात वेग वाढवायच्या मागं लागू नका, सेन्सरचे आकडे नव्यानं घ्या आणि एक पूर्ण फेरी शांतपणे पार पाडा. बिघाड झाला तर क्रम ठरलेला: व्होल्टेज, वायरी, सेन्सरचे आकडे, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. मुलं घाबरली की उलट्या क्रमानं जातात आणि चांगला चाललेला प्रोग्राम मोडून ठेवतात. हा क्रम सरावात घटवून घ्या: मुलांना बाहेर पाठवा, एक वायर ढिली करा किंवा एका सेन्सरवर टेप लावा, मग आत बोलवून दहा मिनिटांत दोष शोधायला सांगा. आमच्या मुलांना हा खेळ शर्यतीपेक्षा जास्त आवडतो.

पंच प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर मुलांनीच द्यायचं. केपी म्हणजे काय, २५ च का घेतला, हे सातवीचं पोरगं आपल्या भाषेत सांगत असेल तर पंचांना वेगळा पुरावा लागत नाही.

उन्हाळ्यात ठेवताना

स्पर्धा संपल्यावर रोबो काचेच्या कपाटात मांडून ठेवायची पद्धत आहे. फार तर एक ठेवा, बाकीचे सोडवून सुटे भाग नव्या मुलांसाठी मोकळे करा. सेल रोबोत ठेवू नका. पूर्ण भरलेलेही ठेवू नका आणि रिकामेही नको, प्रत्येकी ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून, टोकं झाकून, शाळेतल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. मे महिन्यात पत्र्याखालच्या लॅबमधलं कपाट त्यांच्यासाठी योग्य जागा नाही, मुख्याध्यापकांच्या स्लॅबच्या खोलीत जागा मागून घ्या. जूनमध्ये प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा, ३ च्या खाली गेलेला किंवा फुगलेला सेल चार्ज करून बघायचा नाही, तो ई-कचऱ्यात द्यायचा. नव्या गटाला वही कोरी द्या, पण जुनी वहीही हातात असू द्या.